देवीची सुट्टी

माय, तुझी देवीची सुट्टी यंदा मी घेतली नाही.

तुला आठवत असेल. अकरा महिने भरत आले की बियाणं कारखान्यातला मुकादम तुम्हा निवडणाऱ्या बायांना सांगायचा, "पंधरा दिवस येऊ नका." बाकीच्या बाया कुरकुरायच्या, तू मात्र खूश असायचीस. "रेणुकामाय बोलवून राह्यली. न्हाई तर कोन सायब देतो गं एवढी सुट्टी?" मग आपण दोघी एसटीनं पिंपळगावला. देवळाच्या ओट्यावर बसून तू माझे केस विंचरायचीस, निवांत, गुंता न ओढता. एरवी वर्षभर तू ते उभ्यानं, एक डोळा घड्याळावर ठेवून विंचरायचीस. परत आलो की मुकादमासाठी नारळ आणि पेढे बांधून न्यायचीस. त्यानं काढून टाकलेली बाई त्यालाच प्रसाद देत होती, हे त्याला माहीत होतं आणि तरी तो दोन्ही हातांनी घ्यायचा.

बारा वर्षं तिथं काम केल्यावर तू दम्यानं अंथरुणाला लागलीस, तेव्हा तुझ्या हक्काचे पैसे मागायला मी कारखान्यात गेले होते. तिथल्या बाबूनं फाईल उघडली आणि म्हणाला, "ह्या तर तीनच महिन्यांपूर्वी लागल्यात. नव्या आहेत." दर सुट्टीच्या आधी स्वखुशीनं काम सोडल्याचा कागद, सुट्टीनंतर नव्यानं कामाला लागल्याचा कागद, दोन्हींवर तुझी सही. मीच पाटीवर गिरवून शिकवलेली, शेवटचं अक्षर खाली घसरलेली. घरी येऊन तुला सांगितलं की साहेब भेटले नाहीत. तू म्हणालीस, "बरी झाले की मंग मीच जाते. मला बराबर वळखतेत ते." तू बरी झाली नाहीस. तुला जाऊन आता किती वर्षं झाली, पण तो 'नव्या' शब्द आठवला की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तरी मी त्याच कारखान्यात लागले, कारण आपल्या वस्तीतून सायकलनं जाण्यासारखं दुसरं काम नव्हतं. मी निवडीला नाही, प्रयोगशाळेत आहे. बी ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचं, ठरल्या दिवशी उघडून कोंब मोजायचे, रजिस्टरात लिहून खाली तारीख आणि सही. सहा वर्षं झाली. आणि मलाही दरवर्षी तेच, अकरा महिने आणि सुट्टी. फक्त बी काही सुट्टीवर जात नाही. त्यामुळे पाचही सुट्ट्यांत मला फोन यायचा, "ताई, तासभर येऊन मोजून जा." मी जायचे. ज्या दिवसांत मी कागदावर कामालाच नव्हते, त्या दिवसांच्या पानांवर माझ्या सह्या आहेत. अंबडच्या एका वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मुद्दाम घातलेल्या खंडानं नोकरी तुटत नाही, पण काम केल्याचा पुरावा पाहिजे. मी पानांचे फोटो काढून ठेवले.

परवा काम सोडल्याचा तो कागद माझ्यापुढं आला. तुझा मुकादम आता ठेकेदार झालाय, केस पांढरे झालेत. माझ्यामागं सात जणी रांगेत होत्या. मी पेन खाली ठेवलं आणि माझा अर्ज पुढं केला: मी सलग सहा वर्षं इथं काम करते, तसं लेखी द्या.

त्यानं अर्ज वाचला. म्हणाला, "तुह्या मायनं असं कधी केलं न्हाई. सही करायची, प्रसाद आनून द्यायची. चांगली बाई व्हती."

"तिला वाचता येत नव्हतं, मामा. मला येतं."

अर्जाची पोच घेऊनच मी उठले. मागच्या बायांपैकी चौघींनी काम सोडल्याच्या कागदावर सही केली. तिघी म्हणाल्या, उद्या सांगतो. मी त्यांना नावं ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेटवर गेले. वॉचमन घुटमळला, पण आत कोंब मोजायचे होते आणि मोजणारी दुसरी कुणी नव्हती. काम टिकेल की जाईल, माहीत नाही. रोज जाणार आहे. अडवलं तर अडवल्याचं लेखी मागणार आहे.

हे पत्र कुठं टाकणार, पोस्टात तुझा पत्ता नाही. डब्यात ठेवते. पण मामांना जे ऐटीत सुनावलं, त्यातलं अर्धं राहिलं, ते तुला सांगते. मी सातवीत होते, तेव्हा एकदा तू तो कागद घरी आणला होतास. "वाच गं, काय लिव्हलंय." मी सगळा वाचला. 'स्वखुशीने काम सोडत आहे' हे मला नीट कळलं होतं, माय. पण तुला कळलं तर तू रडशील, भांडायला जाशील आणि पिंपळगावला जायचं राहून जाईल, असं वाटलं. म्हणून मी म्हणाले, "सुट्टीचा अर्ज आहे, कर सही."