रॉटरडॅमचा मुलगा पाहिला

रॉटरडॅम, ८ मे

प्रिय सरिता,

सप्रेम जय भीम. मी ठणठणीत आहे. फोनवर आपली लेक हिमानी तुझ्या बाजूलेच बसते, म्हणून हे लिहून राहिलो.

तिच्यासाठी आलेल्या स्थळाची, म्हणजे अंकुशची, चौकशी केली. इथल्या आपल्या मंडळातल्या चौघांना वेगवेगळं गाठलं. चौघंही म्हणाले, "मुलगा शांत आहे." शब्दही तोच. पढवून ठेवल्यासारखं वाटलं.

म्हणून रविवारी न कळवता त्याच्या घरी गेलो. चपला एकाच मापाच्या होत्या, म्हणजे एकटाच राहतो. फ्रिजचं दार नीट लागत नव्हतं, ते मी बसवून दिलं. आत दारू नव्हती. बाबासाहेबांचा फोटो हळूच सरकवून पाहिला. मागचा रंग बाकी भिंतीसारखाच, म्हणजे फोटो नुकताच टांगला असावा.

चहा देताना तो म्हणाला, "काका, तुम्ही मले पाहाले आले, हे हिमानीले माहीत आहे ना? तिचा होकार आहे ना?"

"आहे गा," म्हटलं मी. पण आपण तिले विचारलं कुठं?

त्यानं काहून विचारलं असेल? त्याले काही माहीत आहे काय, जे आपल्याले नाही?

कूलरची खस बदलली काय? त्याच्या पंपाच्या वायरले हात लावू नको, मी जोडली तशीच राहू दे.

हिमानीले विचार. मी सांगितलं म्हणू नको, नाही तर माझ्या मनासारखं बोलेल. तिचेच शब्द मले कळव. गप्प राहिली, तर गप्प राहिली असंच लिही. होकार समजू नको.

तुझा,
सुखदेव