मिरजगावची शेड कुणाला हसली

मिरजगाव चित्रपट अभ्यास मंडळातल्या भावांनो, बहिणींनो, देशोदेशीच्या पंडितांनी आपल्याबद्दल लिहिलं आणि आपल्याला कधी विचारलं नाही, हे दुखणं आपल्या सर्वांचं आहे. म्हणून हे मृत्युपत्र तुमच्यासमोर वाचलं जावं.

मी कादर हुसेन आतार, वय बहात्तर, राहणार मिरजगाव. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझा पुतण्या काशिफ उद्या उलटं म्हणेल. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. लिहून होईपर्यंत पत्नी बानूलाही चहा दाराबाहेर ठेवायला सांगितलं.

१. घर आणि दुकान शरियतप्रमाणे बानू, मुलगी रुमाना आणि काशिफ यांच्यात वाटलं जाईल. काशिफचा हिस्सा मला रोखता येत नाही, नाहीतर रोखला असता. मात्र एक तृतीयांशापर्यंत मिळकत वारसांबाहेर देण्याचा हक्क मला आहे. तो मी पुढच्या दोन कलमांत वापरतो.

२. प्रोजेक्टर, पडदा, माईक मंडळाला. इराण, पोलंड, बांगलादेश इथले सिनेमे आपण बाजारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये अभ्यासले. मूळ आवाज बंद करून मी शेजारी उभा राहून मराठीत सांगायचो.

३. त्या खेळांच्या ध्वनिफिती बायडाबाईंना. मूळ तिसगावच्या, हल्ली मुलीकडे मिरजगावात असतात. या फितींवर अनेकांची नजर आहे. परदेशी विद्यापीठाच्या मारियाबाई त्या ऐकून गेल्या. बाई गोड, आमच्याकडे पिठलं-भाकरी खाल्ली, जाताना रडल्या. पण पुस्तकात लिहिलं, की आई सरहद्दीवर मुलाला निरोप देते त्या प्रसंगाला मिरजगावचे लोक हसले. परकं दुःख त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, असा निष्कर्षही काढला.

हसले, हे खरं. पडद्यावर ती आई रडत होती आणि मी माईकवरून साम्राज्यशाही समजावत होतो. पुढे बसलेल्या बायडाबाई म्हणाल्या, "कादरभाई, तुमी गप बसा की जरा. रडू द्या तिला."

शेड हसली ती मला.

मारियाबाईंना मराठी येत नव्हतं. फितींचं भाषांतर काशिफने करून दिलं आणि नेमकं तेवढं वाक्य गाळलं. चुलत्याची अब्रू राखली म्हणतो. मला वाटतं, त्याने मारियाबाईंनी कबूल केलेली स्वतःची परदेशवारी राखली. हल्ली दर जुम्म्याला मिठाई घेऊन येतो आणि फितींच्या कपाटाची किल्ली विचारतो. किल्ली कुठे आहे ते आपल्या मंडळातल्या सहादेवला ठाऊक आहे. सहादेवने मला अजून फसवलेलं नाही, याचाही अधूनमधून संशय येतो.

४. अंमलबजावणी रुमाना करेल. ती नागापूरच्या कारखान्यात चाळीस माणसं सांभाळते, एक काशिफ जड नाही. तिने विचारलं, "अब्बा, बायडाबाईंना ती फिती ऐकायची मशीन तरी लावता येईल का?" मी म्हणालो, जिने मला गप बसवलं तिच्याकडून फिती काढून घेणारा अजून जन्मायचा आहे.

मंडळींनो, शोकसभा घेऊ नका, भाषणं तर मुळीच नकोत. माझ्या दफनानंतरच्या पहिल्या शनिवारी तोच सिनेमा त्याच शेडमध्ये लावा. मूळ आवाज चालू ठेवा, माईक काढून ठेवा. त्या आईच्या निरोपाच्या वेळी शेडमधून जे ऐकू येईल ते रेकॉर्ड करा आणि मारियाबाईंना पाठवा.

सही: कादर हुसेन आतार
साक्षीदार: सहादेव कारभारी गिते (सही), श्रीमंत बिभीषण खेडकर (सही, वाचून दाखवल्यावरच केली)
मिरजगाव, ता. कर्जत, जि. अहिल्यानगर
९ फेब्रुवारी २०२५