एकमतानं

३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चार दिवस जीव थाऱ्यावर नाही. आमच्या शाळेच्या ग्रंथालयातल्या एका कादंबरीवर पालकांची तक्रार आलीय. गोष्ट साधी आहे. सगळा वर्ग एका नव्या मुलीशी बोलणं टाकतो, एकटी नायिका म्हणते, मी नाही टाकणार. यानं म्हणे मुलं उलट बोलायला शिकतात! पुस्तक काढून टाकायचं का, हे शुक्रवारी समिती हात वर करून ठरवणार. ग्रंथपाल म्हणून माझाही हात मोजतात. मुख्याध्यापिकाबाई मघाशी गोड आवाजात सांगून गेल्या, निर्णय एकमतानं झालेला बरा दिसतो. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. गरजच नव्हती.

तुझ्या भाचीनं ते पुस्तक दोनदा वाचलंय. काय करू? लोभ आहेच, थोडा धीरही पाठव.

तुझी धाकटी

५ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

एका पुस्तकापायी एवढी घालमेल? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? हात वर कर, घरी ये, चहा पी. कायम झालीस की कर हवी ती क्रांती. तुझे भाऊजी विचारताहेत, भांडायला आधी वर जाणारा हात आताच कसा जड झाला? जेवत जा वेळेवर.

तुझी ताई

१० जुलै, सोमवार सकाळ

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. हात वर केला.

आधी विचारलं होतं, पुस्तक कोणी वाचलंय? कोणीच नाही. तक्रार करणाऱ्या आईंनीही नाही. शेजारणीनं सही केली म्हणून त्यांनी केली. मग एकमेकांकडे बघत एकेक हात वर गेला. चित्रकलेच्या सरांचा अर्ध्यावर अडकला. ते माझ्याकडे बघत होते, ताई. माझा गेला, तसा त्यांचाही गेला. हे काही केल्या पचत नाही.

घरी सांगितलं. वाटलं, पोरगी आदळआपट करेल. तिनं एवढंच विचारलं, सगळ्यांनी केला म्हणून का? आणि गणितं सोडवत बसली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

आज इतिवृत्तावर सह्या आहेत. मी करणार नाही. माझं मत विरोधात लिहा, म्हणून सांगणार. नोकरी बहुधा जाईल. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? पण तुझं पत्र आलं की मी पुन्हा ऐकेन, म्हणून हे पेटीत टाकून तशीच शाळेत निघालेय.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी धाकटी