हेल्मेटचा भाव

आई, तू जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि आज मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. तीन दुकानं फिरल्याशिवाय काही घ्यायचं नाही, ही सवय तुझीच. औरंगपुऱ्यात तू चादरीचा भाव विचारायचीस, नाक मुरडायचीस, पुढे चालायला लागायचीस. बहुतेक वेळा पहिलाच दुकानदार स्वस्त निघायचा. मग परत त्याच्याकडे जायची तुला लाज वाटायची. पैसे देऊन मला पाठवायचीस आणि स्वतः कोपऱ्यावर पाठमोरी उभी राहायचीस. मला राग यायचा. पण शिवणाच्या पैशांत माझं घर नीट चाललंय ते त्याच सवयीवर. तेल एकीकडून, डाळ दुसरीकडून, आणि महिनाअखेरीस कुणापुढे हात पसरावा लागत नाही. लोक चिकट म्हणतात, म्हणू देत.

आता लेकीला नोकरी लागली आहे. पडेगावहून शहरात ती जुन्या स्कूटीवर जाते, अगदी खेटून ट्रक आणि वेरूळच्या गाड्या जातात. तिला हेल्मेट घ्यायचंय. सोमवारी एका दुकानात विचारलं, मंगळवारी दुसऱ्यात. रस्त्याच्या कडेला निम्म्या भावात मिळत होतं, पण अंगठ्यानं दाबलं तर वाकलं. काल तिसरा दुकानदार म्हणाला, "ताई, लई फिरू नका. डोक्याची चीज आहे ही." मी म्हटलं, उद्या येते. चार दिवस पोर डोक्याला नुसती ओढणी गुंडाळून जातेय. सहाला घरी येते. आता पावणेसात झाले, फोन उचलत नाही. हातात सुई धरवत नाही म्हणून हे लिहितेय. बाहेर कुणी करकचून ब्रेक मारला की दारापर्यंत जाऊन येते.

मला ते औषधाचं दुकान आठवतंय. आपला धाकटा, माझा भाऊ, तापानं फणफणलाय, तुझ्या खांद्यावर मान टाकून पडलाय. तू चिठ्ठी पुढे केलीस आणि मी शहाणपणानं म्हणाले, "आई, पुढच्या दुकानात विचारू ना?" सगळ्यांदेखत तू माझ्यावर वसकन ओरडलीस, "गप बस! लई शहाणी झालीस. इथं भाव नाय करायचा." मी कित्येक दिवस रुसले होते. फिरायचं कसं ते तू रोज शिकवलंस, थांबायचं कुठं ते एकदाच, तेही रागावून. मी रोजचं तेवढं शिकले.

आली. रस्त्यात ट्रक उलटला होता, वाहतूक अडकली होती म्हणाली. हसत होती, पण तिचे हात गार पडले होते. ओढणी सोडता सोडता तिनं विचारलं, "आई, हेल्मेट आणलंस का?" मी म्हणाले, दुकान बंद होतं.

हा कागद तिच्या हाती लागायला नको, चुलीत घालीन. दुकान उघडं होतं, आई. मी आज त्या तिसऱ्याच्या पायरीपर्यंत गेले होते, आणि चौथ्या दुकानात विचारायला वळले.