वाफ्यांवर फिनेल

प्रिय आई,

नमस्कार. आज डोकं ठिकाणावर नाही, तेवढं सांभाळून वाच.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. खोकलाही कमी आहे, फोनवर तो मोजत बसू नकोस.

बंद पडलेल्या डांबर कारखान्याच्या मातीत आम्ही जिवाणू वाढवतो, हे तुला ठाऊक आहेच. डांबरातलं विष हेच त्यांचं जेवण. ओलावा आणि हवा मिळाली की ते खाऊन फस्त करतात. उन्हाळाभर मी त्या मातीचे वाफे खालीवर केले, तेव्हा कुठे वास निम्मा झाला. पावसाआधी माती साफ झाली नाही, तर विष खालच्या वस्तीच्या विहिरींत उतरणार.

आणि सोमवारी पाहुणे येणार म्हणून आमच्या साहेबांनी सगळ्या वाफ्यांवर पिंपंच्या पिंपं फिनेल ओतवलं. वास यायला नको म्हणे. मी भांडायला गेले, तर शांतपणे म्हणाले, "मॅडम, जंतूच मेले ना?" चोर सोडून संन्याशाला फाशी. अख्ख्या जागेत मन लावून काम करणारे तेवढेच होते.

बाबांचा गुडघा कसा आहे? जिना चढणं थांबवलं का, की मीच येऊन ओरडू?

बूट धू, बूट धू म्हणून तू जन्मभर माझं डोकं खाल्लंस. फिनेल ओतायच्या आधी, रविवारी कंटाळून मी ते वाफ्यांच्या मातीसकट तसेच दाराबाहेर ठेवले होते. परवा त्यांच्या तळाची माती खरवडून, चिमूटभर डांबर घालून बाटलीभर पाण्यात ठेवली. काल नितळलेलं पाणी आज पुन्हा गढूळ झालंय, म्हणजे मंडळी जिवंत आहेत. त्यांच्यापासून पुन्हा सुरुवात करीन.

साहेबांना सांगितलेलं नाही. बूट धुवायला लावतील.

तुझी, अजून धुसफुसणारी,
धाकटी