नारळाचं पाणी आणि मेमो

सर, मधल्या सुट्टीत तुम्ही शेंगा फोडायचात आणि दाणे माझ्या हजेरीपटावर ठेवायचात. "खावा बाई, आळे गावच्या आपल्या मळ्यातल्या हायेत." पुण्याच्या कॉन्व्हेंटातून आलेल्या मला त्या गावात जपलं ते मुख्याध्यापक म्हणून तुम्हीच. म्हणून तर तुमच्यावरचा राग इतकी वर्षं टिकला. परक्यावरचा कधीच विझला असता.

शाळेला पहिला संगणक आला तेव्हा तुम्ही तो स्वतःच्या खोलीत ठेवलात, वर झालरीचा अभ्रा घालून. तालुक्याच्या प्रशिक्षणातून तुम्ही प्रमाणपत्र आणलं होतं, पण एकेक बटण दाबायच्या आधी तुम्ही प्रशिक्षणाची वही उघडायचात, हे मी पाहिलं होतं. मी कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांकडे टायपिंग शिकलेली. नववीच्या मुलींना आठवड्यातून एक तास बसू द्या, एवढंच मागितलं. सगळ्या शिक्षकांसमोर तुम्ही म्हणालात, "बाई, तुमच्या कॉन्व्हेंटात असंल कुणीबी हात लावायची रीत. हितं बिघडलं तर कोण निस्तरणार? तुमच्या सिस्टर?" सगळे हसले. मीही हसले, ते अजून सलतं.

खंडेनवमीला गावात ट्रॅक्टर पुजतात, पाण्याची मोटर पुजतात, तसा तुम्ही संगणक पुजलात. पडद्यावर स्वस्तिक, कीबोर्डवर हळदकुंकू. मग टेबलाच्या कडेवर नारळ आपटलात. पाणी कीबोर्डमध्ये गेलं, शेजारच्या सीपीयूच्या डब्यातही गेलं. शिपाईमामा म्हणाले, "सर, नारळ लई पाण्याचा निघाला राव." तुम्ही डोक्यावरची टोपी काढून तिनं पाणी टिपत राहिलात. संगणक पुन्हा सुरू झाला नाही.

पुढच्या आठवड्यात मला मेमो मिळाला. परवानगीशिवाय मुलींना संगणक हाताळू दिल्यामुळे बिघाड, खाली तुमची सही. मी तुमच्या खोलीत आले, तर तुम्ही वर न बघता म्हणालात, "माझी दोन वर्सं राहिलीत नोकरीची. तुमी तरुण हायेत, तुमचं निभंल." माझ्या सेवापुस्तकात शेरा चढला आणि जूनमध्ये संस्थेच्या घाटघरकडच्या शाळेत बदली झाली. मी कधीच मुख्याध्यापिका झाले नाही. डोंगरात वीज नसायची, तेव्हा मी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून मुलींची बोटं त्यावर बसवली.

तुम्ही गेलात तेव्हा मी दहाव्यालाही आले नाही, मुद्दाम. आता जुन्या शाळेत ई-लर्निंगची खोली होते आहे आणि तिला तुमचं नाव देणार आहेत, गावात संगणक आणणारे गुरुजी म्हणून. उद्घाटनाचं भाषण मी करावं असा निरोप आला आहे. करणार आहे. तो मेमो तिथल्याच पडद्यावर मोठा करून दाखवणार, सहीसकट. प्रोजेक्टर मला चालवता येतो.

एक गोष्ट मात्र भाषणात येणार नाही. तुम्ही नारळ उचललात तेव्हा पाणी कुठे सांडणार, हे मला दिसत होतं. एक शब्द बोलले असते तर तुम्ही थांबला असतात. मला तुमची फजिती बघायची होती.

भाषण झालं की मेमो संस्थेच्या सचिवांना द्यायचा, त्यांनी माझ्यावरचा शेरा खोडावा. पुठ्ठ्याचा कीबोर्ड शिनोलीच्या शाळेत संगणक शिकवणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीला. तुमच्या पत्नी पहिल्या रांगेत बसतील. त्यांना आदल्या दिवशी घरी जाऊन मीच सगळं सांगेन, नारळाच्या वेळी मी बोलले नाही तेही धरून. हे पत्र कुणालाच नाही.