आखाड्याचं दार

शनिवार, १० ऑगस्ट

चार वाजून दहा मिनिटांनी माझं सगळं बदललं. परभणीचं बसस्टँड, रसवंतीमागचा बाक. अपेक्षानं मोबाईल माझ्यापुढं धरला अन् म्हणाली, "असं घर पाहिजे. लहानच, पण असं."

फोटोत परदेशातलं कुठलं तरी घर. दगडी भिंती, गवताचं छप्पर — पार खिडकीपर्यंत उतरलेलं. गोल माथ्याचं हिरवं दार, बंद. बाजूला गुलाब चढलेला. खाली लिहिलेलं, कॉटेज.

"कुणासाठी?" मी विचारलं. ती नुसती हसली. तेवढ्यात झरीची गाडी लागली अन् मी पळत जाऊन चढलो. खिडकीतून बघितलं तर ती अजून त्या फोटोकडंच बघत होती.

झरी येईस्तोवर कळलं. आमच्या दोघांसाठी! दुसरं कुणासाठी असणार?

सोमवार, १२ ऑगस्ट

आमच्या शेतात आखाडा आहे, शेतातलं घरच म्हणा. दोन खोल्या, विटांच्या भिंती, वर पत्रे. चुलते होते तोवर तिथंच राहायचे. आता चार वर्षं झाली, आत खताची पोती अन् ठिबकच्या नळ्या. आज सगळं बाहेर काढलं.

वडील बांधावर येऊन उभे राहिले, आमचे अण्णा. "कॉलेज सोडून आलास ते झाडलोट करायला का?"

"हो."

"बरं हाय. केर तरी पुरा काढ. निम्म्यात सोडू नको."

हे रोजचं आहे. शेतकीच्या दुसऱ्या वर्षाला सरांनी माझी प्रात्यक्षिकाची वही सगळ्या वर्गापुढं वाचून दाखवली अन् हसले. ती वही मी त्यांच्याच टेबलावर आपटली. माफीचा अर्ज दे म्हणाले. नाही दिला. सात महिने झाले.

अपेक्षाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. आमच्याच गावची, वैजीनाथमामांची थोरली. दसऱ्याला गावी येणार. दिवाळीनंतर पुण्याच्या दवाखान्यात नोकरी. माझ्याकडं दोन महिने आहेत. त्या दोन महिन्यांत तिला घर दाखवायचं अन् विचारायचं.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

दिवसभर मोबाईल. 'कॉटेज घर सजावट' टाकलं की फोटोच फोटो. फुलाफुलांचे पडदे, खिडकीत बसायची जागा, फळीवर ओळीनं बरण्या, खुर्चीवर टाकलेली रजई, कोपऱ्यात कंदील. आधी वाटलं हे सगळं पुण्याहून आणावं लागणार. मग नीट बघितलं. रजई म्हणजे आईची वाकळच की. जुन्या लुगड्यांचे तुकडे, मोठे मोठे टाके. बरण्या लोणच्याच्या, माळ्यावर पडून आहेत. जुन्या बाजेचे पाय कापले तर खिडकीतली बैठक होते. कंदील गोठ्यात टांगलेला आहे.

सगळं घरातच होतं. मला कधी दिसलं नव्हतं.

मंगळवार, २० ऑगस्ट

परमेश्वरच्या दुकानात गेलो. शाळेतला दोस्त, झरीत रंगाचं दुकान आहे त्याचं. शेडकार्ड घेऊन तासभर बसलो.

"आखाड्याला मलई रंग?" तो म्हणाला. "म्हशींनी पसंत केलाय का?"

त्याची कॉलर धरली. मग सोडली. तो हसतच होता. "योग्या, अरे गिऱ्हाइकानं दुकानदाराला मारायचं नसतंय."

रंग घेतलाच नाही. आई म्हणाली, पांढऱ्या मातीचा पोतारा दे, मलईपेक्षा मऊ दिसतो. स्वतः आली. माती कालवली, फडकं बुडवून हात कसा फिरवायचा ते दाखवलं. कुणासाठी चाललंय ते विचारलं नाही. पण वाकळ मागितली तर दोन दिल्या.

मंगळवार, ३ सप्टेंबर

काल पोळा झाला. आज पत्र्याचं दार काढून टाकलं. गंजलेलं होतं, वाऱ्यानं वाजायचं. फोटोत कसलं दार आहे अन् माझ्याकडं कसलं!

चंद्रभान सुताराला फोटो दाखवला. त्यानं मोबाईल आडवा धरला, उभा धरला. "असली गोल चौकट आपल्याच्यानं व्हायची न्हाई. चौकोनी सांग, चार दिवसांत देतो."

चौकोनी तर सगळ्या गावाला आहे. नको म्हणालो. तूर्त आईच्या फुलाफुलांच्या लुगड्याचा पडदा लावलाय. वाऱ्यानं हलतो. बघत बसावंसं वाटतं.

रविवार, २२ सप्टेंबर

राहिलं छप्पर. पत्रे दिसतात तोवर ते कॉटेज नाही. गवत एवढं कुठून आणणार? मग समोर बघितलं — ऊस! तीन दिवस उसात शिरून पाचट सोलतोय, वाळलेली पानं. दोन्ही हात कातरलेत. लिहिताना झोंबतंय. झोंबू दे.

मंगळवार, २४ सप्टेंबर

पाचट मला बांधता येईना. वाऱ्यानं निम्मं उडालं. परमेश्वर म्हणाला, वैजीनाथला सांग, पाचट बांधावं तर त्यानं. अपेक्षाचे वडीलच! मला तर बरंच झालं.

मामा आले. ढीग बघितला, पत्रे बघितले. "जनावरांसाठी का, मालक?"

"नाही. राहायला."

"कुणाला?"

"मलाच."

त्यांनी परत एकदा पत्र्यांकडं बघितलं. मग बांबूच्या कांब्या चिरायला बसले. दुपारपर्यंत एक बाजू झाली. मी म्हणालो, अजून खाली उतरवा, खिडकीपर्यंत. त्यांनी उतरवली. हात असा चालतो त्यांचा — बघावं लागत नाही, बोटांना पाठ आहे. माझ्या मनात आलं, जावयाच्या घराचं छप्पर हा माणूस स्वतः शाकारतोय अन् ह्याला माहीतच नाही. हसू येत होतं.

जाताना पडद्याला हात लावून म्हणाले, "दार कुठाय?"

"पडदाच बरा दिसतो, मामा."

"बरं," म्हणाले. पायताण घातलं अन् गेले.

शनिवार, ५ ऑक्टोबर

झालं. मधुमालतीचा वेल लावला. फळीवर बरण्या, बाजेवर वाकळ, कोपऱ्यात कंदील. लांबून फोटो काढला अन् तिच्या फोटोशेजारी ठेवून बघितला. गोल दार सोडलं तर तेच घर.

रविवार, १३ ऑक्टोबर

ती आली. अन् आत गेली नाही.

सकाळी अकराला शाळेमागून पायवाटेनं आली. कालचं सोनं द्यायचं राहिलं म्हणून हातात आपट्याची दोन पानं. मी म्हणालो, डोळे मीट. हात धरून आणलं, समोर उभं केलं. म्हणालो, उघड.

ती बघतच राहिली. मला वाटलं आनंद झाला. मग बघितलं तर तिचा चेहरा उतरत चाललेला. पाचटाकडं, मग पडद्याकडं, परत पाचटाकडं.

"कुणी बांधलं?"

"तुझ्या वडिलांनी. फोटोतलंच आहे, बघ की. आत चल, बैठक केलीय, कंदील —"

"कोपी केलीस की रे."

मला कळलंच नाही. मग तीच बोलली. हळू, दवाखान्यात पेशंटला सांगतात तसं. "पाचटाची कोपी. तोंडाला आईचं लुगडं. पाचवीपर्यंत दर दिवाळीनंतर मी ह्याच्यातच राहिले योगीराज, कारखान्याच्या माळावर. आई-बाप पहाटे ऊसतोडीला जायचे. मी लुगड्याच्या मागं दगड लावून बसायची. लुगड्याला कुठं कडी असती? कुत्रं यायचं. एकदा माणूस आला होता."

मी म्हणालो, मग तो फोटो? गवताचंच छप्पर आहे ना त्याला?

"मी दार बघत होते," ती म्हणाली.

पुढं मी जे बोललो ते इथं लिहिणार नाही.

सोमवार, १४ ऑक्टोबर

लिहितो. मी म्हणालो, "कोपीतल्या पोरीला कोपीच दिसणार."

तिनं आपट्याची पानं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. ओढणी नीट केली. बांधावरून गेली, एकदाही मागं न बघता. मी दोन बरण्या फोडल्या.

मला माहीत होतं. दिवाळी झाली की वर्गातली तिची जागा रिकामी व्हायची, होळीला भरायची. बाई हजेरीत नाव घ्यायच्या अन् आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, "तोडीला गेली!" माझाही आवाज असायचा त्यात.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

फोन उचलत नाही. उचलू नये.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

पाचट काढायला घेतलं. एकटाच होतो. मामा रस्त्यानं चालले होते, वळून आले. शिडी धरली. मग स्वतःच वर चढले अन् गाठी सोडायला लागले. त्यांची गाठ त्यांनाच सुटते.

"मामा, बांधतानाच का नाही बोललात?"

"मालकाच्या पोराला काय म्हणावं? तुला कोपी बांधायलोय म्हणून?" हसले. "म्या घरी जाऊन छबूला सांगितलं. तिला पटंना. म्हणली, पत्रे असताना कुणी पाचट घालतंय का? येडं हाय का ते पोरगं?"

छबूमावशी म्हणजे अपेक्षाची आई. गेल्या हंगामात मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून पडली. पाठ गेली. वजन उचलायचं नाही असं डॉक्टरनं सांगितलंय.

"मग औंदा तुम्ही एकटेच?"

"एकटा कसा? तिलाबी न्यावं लागतंय. घराची भिंत पावसात बसली. उघड्यावर कुणाच्या भरवशावर ठेवू? कोपीत पडून राहील, भाकरी थापील." मग खाली न बघताच म्हणाले, "अपेक्षी लय भांडायली. म्हणती, आईला नेऊ नका. न्हाई नेलं तर ठेवू कुठं, ते मातर सांगंना."

मी शिडीच्या खाली उभा होतो. अंगावर पाचट पडत होतं.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

चंद्रभानला सांगितलं. चौकोनी दार. सागाचं नको, बाभळीचं चालेल, पण जाड. आतून कडी — मोठी. बाहेरून नुसती साखळी.

सोमवार, २१ ऑक्टोबर

काल रात्री अण्णांना सांगितलं. ताट सरकवून उठले. "ऊसतोड्याच्या बाईला आखाडा? लोक काय म्हणतील ते माहीत हाय का तुला? पोरीपायी करायलास, सगळ्या गावाला दिसायलंय."

रक्त चढलं. ताट भिंतीवर मारायला हातात घेतलंच होतं. ते तसंच खाली ठेवलं. हे मला आजवर कधी जमलं नव्हतं.

म्हणालो, "पोरगी मला बोलत नाही. बोलणारही नाही. दिवाळी झाली की पुण्याला चालली. तरी मला हे करायचंय. अन् पुरं करायचंय, निम्म्यात नाही."

आई चुलीकडं तोंड करून म्हणाली, "तिथं मोरी न्हाई. बाईमाणसाला मोरी लागती."

अण्णा हात धुवून बाहेर गेले. आज सकाळी बघतो तर आखाड्यावर दोनशे विटा उतरवलेल्या.

रविवार, ३ नोव्हेंबर

काल पाडवा झाला. छबूमावशीकडं गेलो. हो म्हणेना.

"कुणाच्या घरात फुकट पाय पसरून बसू व्हय, मालक? माझ्या बापजन्मात न्हाई बसले."

आई सोबत होती. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. मावशीजवळ टेकली अन् म्हणाली, "फुकट कोण म्हणतंय? उसात डुकरं शिरायलीत. आखाड्यावर माणूस असलं म्हंजे कुत्रं तरी भुंकत राहतंय. अन् वाकळी शिवून दे मला, माझे डोळे गेले."

आईचे डोळे चांगले आहेत. सुईत दोरा ती एका झटक्यात ओवते.

अपेक्षा आतल्या बाजूला भांडी घासत होती. हात थांबलेले दिसले. बाहेर आली नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

ती पुण्याला गेली. गाडीत बसल्यावर मेसेज पाठवला असावा. एकच ओळ: "दार कसलं लावलंस?"

लिहिलं, चौकोनी. पुसलं. लिहिलं, माफ कर. तेही पुसलं. शेवटी गेलं ते एवढंच — "हिरवं."

मग परमेश्वरकडं पळालो, रंग आणायला.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सकाळी ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक गेला. मामा फळीवर बसले होते, शेजारी गुंडाळलेलं लुगडं. छबूमावशीला मी आखाड्यावर घेऊन आलो. एक ट्रंक, एक तवा.

मावशी आत फिरली. बरण्यांकडं, बैठकीकडं बघितलंही नाही. दाराशी आली. लावलं, उघडलं. परत लावलं, उघडलं. कडीवर हात फिरवला. रंगाचा दुसरा हात कालच दिला, अजून पुरता वाळला नाही, बोटाला लागला.

म्हणाली, "अपेक्षी एवढीशी होती. कोपीत वारं शिरायचं, तर मला म्हणायची, आई, तुला मी दाराचं घर बांधीन. ल्हानच, पण दाराचं. बसस्टँडावर तुमास्नी फोटू दाखवला म्हणली. म्या म्हणलं, मालकाच्या पोराला कशाला दाखवायचा आपला फोटू? तर म्हणती, त्यानं इचारलं कुणासाठी, अन् मला सांगायची लाज वाटली."

खिडकीच्या कट्ट्यावर ती दोन पानं अजून तशीच होती, वाळलेली. ती खिशात घातली.

"कडी लावून घ्या, मावशी," म्हणालो अन् बाहेर आलो. दार ओढून घेतलं. दोन पावलं गेलो नाही तोच आतून कडी पडली.